अंगठ्या ठेवायची बशी

धागा पुन्हा निसटला. पिंकीनं क्रोशाची सुई दातात धरली, डाव्या हाताच्या करंगळीला धाग्याचे वेढे घेतले, तो मनगटावरून फिरवून अनामिकेवर आणला आणि सुटलेला खांबाचा टाका परत विणायला घेतला. तर्जनी आणि मधलं बोट जिथं अर्ध्यावर संपत होतं, तिथली कातडी अजून लालसर होती. धागा तिथं घासला की ती क्षणभर डोळे मिटायची आणि पुढचा टाका घ्यायची.

कस्तुरा समोर मेथी निवडत बसली होती. हा नाद तिनंच पोरीला लावला होता, शाळेत असताना. तेव्हा पिंकीचं बोट धाग्याखाली असं नाचायचं, की आपलीच दृष्ट लागेल म्हणून कस्तुरा दुसरीकडं बघायची. आताही ती दुसरीकडंच बघत होती.

"उसव ते," ती म्हणाली.

"का? चुकलं का काही?"

"चुकलं न्हाई. पण कशासाठी चाललंय ते कळलं मला. विहारात बायका बोलत होत्या. रविवारी साखरपुडा हाय धम्मपालचा. पिंपळे गुरवची पोरगी."

"माहीत आहे. मिनलनंच सांगितलं."

"आन् तरी करतीस?"

पिंकीनं अर्धवट राहिलेली फेरी पुढं चालू ठेवली.

मिनल ही धम्मपालची बहीण आणि पिंकीची आकुर्डीच्या कॉलेजातली मैत्रीण. अपघातानंतर बऱ्याच दिवसांनी ती आली, चहा घेतला, इकडचं-तिकडचं बोलली, पण नजर काही पिंकीच्या हाताकडं गेली नाही. जाता जाता म्हणाली, "अंगठ्या ठेवायला एक छोटीशी बशी करून देशील? तुझ्या हातासारखं कुणाला जमत नाही गं." हात हा शब्द तोंडातून गेल्यावर तिचा चेहरा एकदम उतरला. "देते की," पिंकी म्हणाली होती. इतक्या सहज, की कस्तुराला मिनलपेक्षा आपल्याच पोरीचा राग आला.

आठ महिन्यांपूर्वी गोष्ट वेगळी होती. धम्मपाल आणि पिंकी चाकणच्या एकाच कंपनीत कामाला होते. ती पत्रा कापायच्या प्रेसवर, तो त्याच लाइनचा सुपरवायझर. दोघांनी घरी सांगितलं, दोन्ही घरांनी बोलणी उरकली, तारीख तेवढी धरायची राहिली. त्या दिवशी माल मागं पडला होता. मशीनमध्ये हात गेला की प्रेस जागच्या जागी थांबवणारा सेन्सर उगाच सारखा लागून काम अडत होतं. धम्मपालनं किल्ली फिरवून तो बंद केला. "आजच्या दिवस," तो म्हणाला. "गाडी भरून जाऊ दे, मग चालू करतो."

गाडी भरून गेली की नाही, ते पिंकीला शेवटपर्यंत कळलं नाही.

हॉस्पिटलात सुरुवातीला तो रोज डबा घेऊन यायचा. घास करून भरवायचा. त्याच दिवसांत फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसातून बोलावणं आलं, तेव्हा पिंकी हाताला पट्टी बांधूनच गेली. कंपनीतलं तिथं कुणी नव्हतं. कस्तुरा शेजारच्या खुर्चीवर बसली होती.

"सेन्सर कुणी बंद केला?" साहेबांनी विचारलं.

"मीच केला. घाई होती."

कस्तुरानं तिचा कोपर घट्ट धरला, तरी पिंकीनं मान वळवली नाही. जिना उतरताना कस्तुराला राहवलं नाही.

"खोटं का बोललीस गं?"

"त्याची नोकरी जाईल आई. मग आम्ही खाणार काय?"

त्या 'आम्ही'वर कस्तुरा तिचा कोपर धरून पुढच्या पायऱ्या उतरू लागली. धम्मपालला यातलं काही सांगायचं नाही, असं पिंकीनं तिला बजावलं. लग्न झाल्यावर कधीतरी आपणच सांगू, म्हणाली.

पुढं त्याची शिफ्ट बदलली. डबा बंद झाला, मग फोन. एके दिवशी त्याचे वडील आले, पाण्याला हात न लावता दारातल्या खुर्चीवर बसले आणि पोरीचं फार वाईट झालं, असं तीन-चारदा म्हणून उठले. त्यांच्यामागं दार लावल्यावर कस्तुरा म्हणाली, "आता तरी जा, खरं काय ते सांगून ये." पिंकी भिंतीकडं तोंड करून पडली होती. "एकदा जबाबावर सही करून आलेय मी," ती म्हणाली. "आता सांगितलं तर म्हणतील, लग्न मोडलं म्हणून उलटली."

बुधवारी विणून झालं. तळ सपाट, कडा वर उचललेल्या, काठाला शिंपल्यांसारखे कंगोरे. पिंकीनं मैद्याची खळ शिजवली. साखरेचा पाक लवकर कडक होतो, पण त्याला मुंग्या लागतात. बशी खळीत बुडवली, पिळली आणि उपड्या वाटीवर बसवली. एकेक कंगोरा ओढून सारखा करताना अर्ध्या बोटांवर खळ वाळत गेली. ती तिनं नखानं सोलून काढली.

गुरुवारच्या सुट्टीमुळं खालची वर्कशॉपं बंद होती. चिखलीची ती गल्ली एरवी यंत्रांच्या आवाजात बोलू देत नाही, आज जिन्यातली पावलं घरात ऐकू आली. कस्तुरानं दार उघडलं. मिनल नव्हती. धम्मपाल उभा होता.

"जयभीम काकू."

"जयभीम. मिनल येणार हुती ना?"

"तिला काम निघालं."

तो खुर्चीच्या कडेवर टेकला, हेल्मेट मांडीवर घेऊन. कस्तुरानं पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. पिंकी गॅलरीतून बशी घेऊन आली आणि डाव्या हातानंच तिनं ती पुढं केली. धम्मपालनं बशी घेतली, पण नजर पांढऱ्या कंगोऱ्यांवरच ठेवली.

"छान झालीये."

"कडा अजून जरा ओल्या आहेत. दाबू नकोस."

तो बशी कुठं ठेवावी हे न कळल्यासारखा तशीच धरून बसला. मग म्हणाला, "पिंकी, ते इन्स्पेक्टरचं. इतके दिवस पडून होतं, आता मला पुढच्या आठवड्यात बोलावलंय. तुलाही विचारतील."

"हं."

"तू काय सांगणार?"

"तू काय सांगणार आहेस?"

"मॅनेजर म्हणतात, ऑपरेटरनंच बंद केला असं सांग." त्यानं बशी दुसऱ्या हातात घेतली. "मला तसं म्हणायचं नाही गं. पण वरून प्रेशर आहे. आणि आता घरचं सगळं… रविवारी…"

"साखरपुडा आहे," पिंकीनं वाक्य पुरं केलं.

"तू समजून घेशील म्हणून आलो. तू पहिल्यापासून समजूतदार."

कस्तुरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आता ही सांगणार, तिला वाटलं. जो जबाब द्यायचा तो आधीच देऊन बसलीय, आता सांगून टाकेल आणि हा मोकळा होऊन जाईल. ते ऐकायला नको म्हणून ती आत वळली.

"माझं अजून ठरलं नाही," पिंकी म्हणाली.

कस्तुराचा पाय जागेवरच थबकला.

"म्हणजे?"

"म्हणजे बघू. साहेब विचारतील तेव्हा बघू."

"पिंकी, माझी नोकरी जाईल. केस होईल माझ्यावर."

"होईल ना," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. एखाद्यानं उद्या पाणी येणार नाही म्हणावं, तसा.

तो आणखी काही बोलेल असं वाटलं. पण त्यानं बशी हेल्मेटमध्ये ठेवली, दाराकडं गेला, तिथं जरा घुटमळला आणि उतरला. पिंकीनं खळीचं पातेलं उचललं आणि घासायला मोरीत नेलं.

कस्तुरा गॅलरीत आली. खाली धम्मपाल गाडीला टेकून उभा होता. हेल्मेट तसंच हातात, डोकं उघडं. त्यानं वर बघितलं. एवढ्यातच त्याचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता.

"काकू, तुम्ही सांगा ना तिला. तुमचं ऐकते ती."

कस्तुरानं कठड्यावर हात ठेवले. तिनं आधीच सगळं स्वतःवर घेतलंय, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. तेवढ्यावर तो घरी जाऊन सुखानं जेवला असता, रविवारी हसत उभा राहिला असता. याच पोरानं आपल्या पोरीला घास भरवले होते, हेही तिला आठवलं. मागं मोरीत पातेल्यावर काथ्या घासल्याचा आवाज येत होता. तो मध्येच थांबला. पिंकी ऐकत होती.

"आता ती कुणाचं ऐकत न्हाई, बाबा," कस्तुरा म्हणाली. "सावकाश जा."

मग ती त्याच्याकडं पाठ करून दोरीवरचे कपडे काढू लागली. दोन ओढण्या अजून दमट होत्या, तरी तिनं त्याही काढल्या, नीट घड्या घातल्या. खाली गाडी सुरू व्हायला बराच वेळ लागला.