काचेच्या आतला ठसा

बॉम्बर विमानाच्या नाकाच्या काचेवर, आतल्या बाजूने, बोटाचा एक पांढरा ठसा उमटला होता. आदल्या संध्याकाळी ती काच स्वच्छ होती.

चारुदत्तने बेसमेंटमधला टेबललँप जवळ ओढला आणि हातभर पंखांचं ते लिबरेटर बॉम्बरचं प्लॅस्टिकचं मॉडेल उजेडात तिरपं धरलं. काचेवर धुरकट साय धरली होती आणि त्या सायीत बोटाच्या रेषा नांगरटीसारख्या स्पष्ट दिसत होत्या. काच चिकटवून झालेली होती. आता आत बोट जायला फटसुद्धा उरली नव्हती.

विमान प्रोफेसर हॅलोरन यांच्यासाठी होतं. दुसऱ्या महायुद्धात ते अशाच विमानात, अशाच काचेमागे नकाशे घेऊन बसत. अमेरिकेत ॲन आर्बरला शिकायला आलेल्या चारुदत्तला पॉलिमर रसायन त्यांनी शिकवलं होतं आणि आता ते निवृत्त होत होते. वरचा मळकट हिरवा आणि पोटाचा राखी रंग तर पटकन झाला होता; पण नाकाच्या काचेला असतात त्या बारीक पट्ट्या टेप लावून, चार केसांच्या ब्रशने रंगवण्यात आठवडा गेला होता.

तो विमान हातात घेऊनच वर आला. शरयू सोफ्यावर बाळाला पाजत होती.

"आई खाली गेल्या होत्या?"

"लंगोट धुवायला ती जातेच की रोज. का रे?"

त्याने काच दाखवली. स्वयंपाकघरातून पद्मिनीबाई तेलाची वाटी घेऊन बाहेर आल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या सांगलीहून आल्या होत्या, आणि आल्यापासून घराला तेलाचा आणि धुरीचा वास होता. रोज बाळाची अंघोळ झाली की त्या लोखंडी तव्यावर ओवा, वावडिंग आणि बाळंतशेपा टाकत. छतावरचा स्मोक अलार्म किंचाळला की त्या हसून म्हणत, "उठला बाई तुमचा भोंगा!" शेवटी चारुदत्तने अलार्मची बॅटरी काढून ठेवली होती, आणि धुराची पुटं रंगावर बसू नयेत म्हणून खाली विमानावर जुनी काचेची फिशटँक उलटी घालून ठेवायला सुरुवात केली होती.

"सिंपल आहे," तो म्हणाला. सेमिनारमध्ये बोलत असे त्याच सुरात. "काच चिकटवण्याआधी टेबलावर सुटी होती. तेव्हा तेलाचं बोट लागलं. तेल दिसत नाही. मग धूर त्या तेलावर बसला आणि ठसा दिसायला लागला."

"तिने हात लावला नसणार, चारू. बाळाचं दुपटं घ्यायच्या आधीसुद्धा ती हात धुते."

"मग हा कुणाचा?"

"मी नाही हो..." पद्मिनीबाईंनी सुरुवात केली. मग त्यांनी शरयूकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, आणि वाटी टीपॉयवर ठेवली. "लागला असेल, चारुदत्तराव. माझेच हात तेलकट."

"बघ," तो शरयूला म्हणाला. आणि मग पद्मिनीबाईंना, अगदी सौम्यपणे, "ठीक आहे आई, ॲक्सिडेंट आहे. फक्त यापुढे धुरी नको. आणि खाली कुणी जायला नको."

आवाज त्याने चढवला नव्हता. ही गोष्ट त्याने स्वतःशी नोंदवूनही ठेवली.

झोपायच्या खोलीत शरयू म्हणाली, "तू जावई आहेस. ती तुला तोंडावर 'नाही' म्हणेल?"

"फॅक्ट इज अ फॅक्ट. त्यात जावयाचा काय संबंध?"

धुरी बंद झाली. लंगोट वरच्या टबमध्ये, हाताने धुतले जाऊ लागले. एकदा चारुदत्तने वॉशिंग मशीन वापरायला हरकत नाही असं सांगितलं. त्या "असू दे" म्हणाल्या आणि पिळत राहिल्या. खरं तर शरयू कामावर रुजू होईपर्यंत त्या राहणार होत्या. पण टेक्सासहून धाकट्या लेकीचा, मालिनीचा फोन आला तेव्हा पद्मिनीबाईच म्हणाल्या, "प्लेनोलाही जाऊन येते जरा. तीही वाट बघतेय." परतीचं तिकीट त्यांनी काढू दिलं नाही.

डेट्रॉईटच्या विमानतळावर चारुदत्त नमस्काराला वाकला. आशीर्वादाचा हात पुढे आला आणि त्याच्या कोटाच्या खांद्यापासून वीतभर अलीकडेच थांबला.

नंतर त्याने विमानाचा तोच संच पुन्हा विकत आणला. नवी काच घेतली, पट्ट्या पुन्हा रंगवल्या. या विमानाचं पुढचं चाक नाकाखाली असतं. नाकात वजन घातलं नाही तर ते शेपटीवर बसतं. म्हणून त्याने पहिल्यासारखाच शिशाचा तुकडा सुपरग्लूने आत चिकटवला, वर काच बसवली आणि सवयीने फिशटँक उलटी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा मग घेऊन तो खाली उतरला.

काच पांढरी झाली होती. आणि तिच्यात बोटाच्या रेषा होत्या.

घरात कित्येक दिवसांत तेलाची वाटी निघाली नव्हती. तव्यावर ओवा पडला नव्हता. हातातली कॉफी निवेपर्यंत तो तिथेच उभा होता.

मग त्याने जे आधी करायला हवं होतं ते केलं. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर बोट टेकवलं आणि ते जॅमच्या रिकाम्या बरण्यांत ठेवले. एकीत धुरी दिली, एकीत नुसती हवा ठेवली, एकीत सुपरग्लूचा थेंब टाकून झाकण लावलं. धुरीच्या बरणीतला तुकडा जरासा पिवळसर झाला, एवढंच. हवेच्या बरणीत काही झालं नाही. तिसरीत ठसा उमटला.

याचं कारण त्याला शोधावंही लागलं नाही. ते त्याला ठाऊक होतं. या ग्लूची वाफ बोटाच्या ओलाव्यावर घट्ट होऊन पांढरी पडते; पोलीस हल्ली अशाच वाफेने ठसे शोधतात हे त्याने त्याच्याच विषयाच्या नियतकालिकात वाचलं होतं आणि लंचच्या टेबलावर गंमत म्हणून चौघांना सांगितलंही होतं. पहिली काच त्याने भिंगाखाली धरली. रेषांच्या भोवऱ्यातून एक आडवा छेद गेला होता. त्याने आपला उजवा अंगठा तिच्या शेजारी धरला. लॅबमध्ये काचेची नळी मोडून झालेल्या जखमेचा व्रण तोच होता, त्याच तिरक्या अंगाने.

जिने चढून तो फोनपाशी गेला.

"आई, चारुदत्त बोलतोय."

"अगंबाई! बाळ बरं आहे ना?"

"बरं आहे. आई, तो ठसा माझा होता. विमानावरचा. धुराचाही काही संबंध नव्हता."

"अहो, ते काय घेऊन बसलात. झालं गेलं."

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

पलीकडे मालिनीच्या कुकरची शिटी झाली.

"तुम्ही रागावला होतात," त्या म्हणाल्या. "आणि मी काय, आज ना उद्या जाणारच. शरयूला तिथंच राहायचंय ना."

मी रागावलो नव्हतो, हे वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं. ते त्याने गिळलं.

"परत या, आई."

"बघू," त्या म्हणाल्या. "हिच्याकडे आत्ताच आलेय."

फोन ठेवून तो वळला. शरयू दारात उभी होती, खांद्यावर बाळाला घेऊन. तो समोरच्या खुर्चीवर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले.

"ठसा माझा होता," तो म्हणाला. "काच माझ्या ग्लूच्या वाफेने पांढरी झाली. वाफ बाहेर गेली असती, मी वरून टँक घातली म्हणून कोंडली. आणि आईंनी कबूल केलं, कारण मी त्यांना दुसरं काही म्हणायला जागाच ठेवली नव्हती."