दहा-शून्य आणि टेबलाखालची नावे

मित्रांनो, मी एक जुना बाबीफूट आहे. नाव ऐकून हसू नका. इकडे फ्रान्समध्ये टेबलावरच्या फुटबॉलला असेच लाडाने म्हणतात. आठ लोखंडी दांड्या, त्यांवर ओवलेले बावीस खेळाडू, दोन गोल आणि बुचाचा पांढरा चेंडू, एवढाच माझा संसार. अकरा खेळाडू लाल, अकरा निळे. लालांतल्या एकाचे डोके कधीच उडाले आहे, पण सर्वांत जास्त गोल तोच मारतो. डोके नसणाऱ्यांचे पुष्कळदा असेच छान चालते.

पन्नासेक वर्षांपूर्वी लियोंजवळच्या एका सुतारखान्यात माझा जन्म झाला. म्हाताऱ्या सुताराने माझ्या कडेवरून शेवटचा हात फिरवला आणि म्हणाला, "जा बाबा, आता मार खायला." तो खरेच बोलला. ट्रक बनवणाऱ्या कारखान्यासमोरच्या कॅफेत माझी वर्णी लागली. पाळी सुटली की इटालियन, पोर्तुगीज, अल्जीरियन कामगार माझ्याभोवती कोंडाळे करत. एकाची भाषा दुसऱ्याला येत नसे, पण शिव्या मात्र आठवड्याभरात सर्वांना सर्वांच्या येत.

माझे नियम तीन. दांडी गरगर फिरवायची नाही. टेबलाशी उभे राहिले की अहो-जाहो बंद, मुकादम असो नाहीतर झाडूवाला. आणि जो दहा-शून्य असा हरेल, त्याने टेबलाखालून रांगत जायचे. ही रांगण्याची चाल साऱ्या देशात आहे, पण आमच्या कॅफेवाल्याने तिला एक शेपूट जोडले. त्याने सुतारकामाची पेन्सिल दोरीने माझ्या पायाला बांधली. जो रांगेल त्याने माझ्या पोटावर आपले नाव आणि साल लिहायचे. पहिले नाव एत्तोरे नावाच्या इटालियन वेल्डरचे. बायकांमधले पहिले नाव फिलोमेनाचे. ही पोर्तुगालहून आलेली नवी नवरी नवऱ्याला घरी न्यायला म्हणून कॅफेत शिरली आणि खेळायलाच उभी राहिली. ते माझे खरे सुखाचे दिवस.

पुढे कारखाना बंद पडला, पाठोपाठ कॅफेही. मी भंगारात जाणार होतो, पण फिलोमेनाने चार माणसे गोळा केली आणि मला उचलून प्लातान वस्तीतल्या युवा केंद्रात आणून ठेवले. वस्ती म्हणजे नऊ उंच इमारती, एक बस थांबा आणि एक बेकरी. केंद्राच्या किल्ल्या आजही तिच्याच कमरेला आहेत. वय अडुसष्ट, पण मुले तिला नुसती टरकून असतात.

इथे मी सरकारी धोरणे जवळून पाहिली. दर काही वर्षांनी वस्तीत दंगा होई. कचऱ्याचे डबे जळत, काचा फुटत. मग मोठी माणसे फायली घेऊन येत, केंद्राच्या पाटीवरचे नाव बदलत आणि मला रंग देत. कधी पाटीवर 'एकात्मता' आले, कधी 'सहजीवन', कधी 'समान संधी'. नव्याचे नऊ दिवस संपले की गळके छप्पर होते तसेच. गेल्या वर्षापर्यंत मला तीन रंग लागले होते. त्यावरून वस्तीत किती दंगे झाले ते तुम्ही मोजू शकता.

गेल्या शरद ऋतूत चौथा झाला. सूफियान नावाच्या आमच्या एका बडबड्या मुलाला पोलिसांनी तपासणीसाठी अडवले, झटापट झाली, त्याचा हात मोडला. चार दिवस वस्ती पेटलेली होती. केंद्राचीही एक खिडकी फुटली. पाचव्या दिवशी उपमहापौर लाकोंब साहेब बेकरीसमोर उभे राहिले आणि भाषण ठोकून गेले, "या देशात नियम सगळ्यांना सारखा आहे!" मग ते एक प्रश्नावली वाटून गेले.

जेनाबाने ती माझ्यावरच ठेवून भरली. ही सतरा वर्षांची मुलगी म्हणजे माझी आजवरची सर्वांत हुशार खेळाडू. तिचे आईवडील सेनेगलचे. शेवटच्या प्रश्नाशी ती अडली. 'आपण या समाजाचा भाग आहात असे आपल्याला वाटते का? एक ते पाच गुण द्या.'

"मी त्या बस थांब्यामागच्या इस्पितळात जन्मले," ती फिलोमेनाला म्हणाली. "आता भाग व्हायला काय करू? परत जन्म घेऊ?"

"मला पन्नास वर्षं झाली, अजून विचारतात," फिलोमेना म्हणाली. "कॉफी घेतेस?"

जेनाबाने ती जागा कोरीच ठेवली. मला फार वाईट वाटले. मित्रांनो, माझ्या पोटावर सगळ्यांची नावे होती, पण जेनाबाचे नव्हते. ती कधी शून्यावर हरलीच नव्हती.

पुढच्या बुधवारी दुपारी लाकोंब साहेब पुन्हा आले. सोबत खोकी घेतलेले पालिकेचे दोन शिपाई. केंद्र बंद करावे की नाही याचा अहवाल त्यांनी लिहायचा होता आणि तो जवळजवळ लिहून झाला होता. सामानाच्या यादीत माझ्यापुढे त्यांनी लिहिले, 'भंगार'. माझ्या तर तोंडचे पाणी पळाले.

"सही मागाहून करा," फिलोमेना म्हणाली. "आधी एक डाव होऊन जाऊ दे."

साहेब हसले. "बघा हं. कॉलेजात मला कोणी हरवलं नव्हतं."

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. समोर जेनाबा उभी राहिली. सूफियान प्लास्टरातला हात सांभाळत गुणांचे मणी सरकवायला बसला. तिसऱ्या गोलनंतर तो ओरडला, "अरे लाकोंब, तुझा गोलकीपर झोपलाय का?"

साहेबांनी चमकून वर पाहिले.

"टेबलाशी अहो-जाहो नाही," फिलोमेना शांतपणे म्हणाली. "नियम आहे."

साहेबांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या. काही उपयोग झाला नाही. माझा बिनडोक्याचा लाल गडी त्या दिवशी अंगात आल्यासारखा खेळला. दहावा गोल पडला, साहेबांचा एकही नाही. सगळे साहेबांकडे पाहू लागले, मग माझ्या पायांकडे.

"नाही हं," साहेब म्हणाले. "मी इथे कामाला आलोय."

"लाकोंब," जेनाबा म्हणाली, "बेकरीसमोर तूच म्हणालास ना, नियम सगळ्यांना सारखा?"

शिपायांनी हातातली खोकी खाली ठेवली. साहेब लालबुंद झाले. मग त्या भल्या माणसाने गुडघे टेकले आणि आत शिरला. शिरला खरा, पण देह भारी! मधोमध अडकला. सूफियान हसून हसून खुर्चीवरून पडता पडता राहिला. अडकलेल्या माणसाला करायला दुसरे काही नव्हते, म्हणून त्याने मान वर करून पाहिले.

"अरे! ही नावं कसली?" खालून आवाज आला. "एत्तोरे... रशीद... फिलोमेना, तूसुद्धा? आणि सूफियान अकरा वेळा!"

"बारा!" सूफियान अभिमानाने म्हणाला. "एक पायावर आहे."

"डेंबा सो, एकोणीसशे नव्व्याण्णव. हा कोण?"

"माझे वडील," जेनाबा म्हणाली. "आल्याच्या दुसऱ्याच दिवशी हरले. अजून सांगतात, सरकारात नाव लागायला नऊ वर्षं गेली, इथं दहा मिनिटांत लागलं."

साहेबांनी त्या नावावरून बोट फिरवले. मग साहेब म्हणाले, "ती पेन्सिल द्या जरा इकडे."

मुलांनी मला चारी बाजूंनी उचलले तेव्हा ते बाहेर आले. केसांत कोळिष्टके, गुडघ्यांवर धूळ, आणि चेहरा बक्षीस मिळालेल्या पोरासारखा. यादीतला माझ्यापुढचा शब्द त्यांनी खोडला. अहवालही नव्याने लिहिला. पालिकेच्या सभेला फिलोमेना मुद्दाम जाऊन बसली होती, तिने येऊन सांगितले. त्यात लिहिले होते, 'प्लातान वस्तीत नियम पाळले जातात. मी स्वतः अगदी खालून पाहिले आहे.'

केंद्र उघडे राहिले. सूफियानच्या हाताची चौकशी अजून चालू आहे, पण साक्षीदारांचे जबाब झाले, आणि तेही साहेबांनी पाठपुरावा केला म्हणून. छपराचे गळणे थांबले. पाटीवरचे नाव अर्थातच बदलले. रंगारी माझ्याकडेही आला होता, तेव्हा लाकोंब त्याला म्हणाला, "वरून हवा तो रंग दे. खाली ब्रश लावलास तर बघ!"

आता तो दर बुधवारी येतो आणि दर बुधवारी हरतो, पण दोन-तीन गोल मारतो. ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी जेनाबाचा निरोप होता. जहाजे बांधायचे शिक्षण घ्यायला ती दूर ब्रेस्तला निघाली होती. तिच्या आईने शेंगदाण्याच्या रश्श्याचे भले मोठे पातेले आणले होते. शेवटचा डाव लाकोंबशी झाला. मित्रांनो, मी त्या मुलीचे मनगट ओळखतो. तिने एकही चेंडू अडवला नाही.

"हे खरं नाही!" लाकोंब ओरडला. "ही मुद्दाम हरली!"

"दहा-शून्य," सूफियानने मणी दाखवले. "नियम म्हणजे नियम."

ती तोवर माझ्याखाली पोचलीसुद्धा होती. वडिलांच्या नावाशेजारी तिने सावकाश आपले नाव लिहिले. पेन्सिलीने मला गुदगुल्या झाल्या आणि रडूही आले. नावापुढे सगळे साल लिहितात. तिने लिहिले, 'पाचपैकी पाच'.

मित्रांनो, माझे आता वय झाले. दांड्यांना अधूनमधून तेल द्या, माझ्यावर कॉफीचे कप ठेवू नका, आणि तो बिनडोक्याचा गडी कृपा करून बदलू नका. तुमच्याकडेही कुठे माझ्यासारखे जुने काही पडलेले असेल. ते फेकून देण्याआधी एकदा वाका आणि खालून पाहा. गुडघे मळतील, पण ते झटकता येतात.