टांग्याच्या घोड्याचा केस

नामांतराच्या आंदोलनात करमाडची एसटी फार तर दोन-चार वेळा बंद पडली. त्रिंबकनं ती दोन महिने बंद ठेवली.

दर शनिवारी तो वाळूजहून सांडूच्या हाती करमाडला बायकोला निरोप धाडायचा, "शहरात लई गडबड हाय. यष्टी नाय. येता येत नाय." सांडू त्याच्याच गावचा, वाळूजच्या त्याच कारखान्यात, बजाजनगरच्या त्याच खोलीत राहणारा. आणि हा निरोप घेऊन तो एसटीनंच जायचा.

बानाबाईचा उलटा निरोप आला. "त्यांना म्हनावं, तुला आनती ती यष्टी त्यांना चावती का?"

त्रिंबक हसला नाही. तिनं सूत काढलेलं घोंगडं तो भर उन्हाळ्यात अंगावर घेऊन झोपायचा. त्याला तिचा वास यायचा, आणि मेंढ्यांचाही. पण मेंढ्यांना वजा करायची त्याला सवय झाली होती. सांडूला वाटायचं, याला थंडीताप आहे.

दुखणं वेगळंच होतं. नको त्या जागी चामखिळी उठल्या होत्या. आधी एक, मग तिला सोबत म्हणून आणखी. असलं अंग घेऊन बानाबाईपाशी जायचं कसं? आणि नाही गेलं तर ती राहील का?

त्यांच्या घरात चामखिळीवर एकच इलाज: घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधायचा. लहानपणी हनुवटीवरची तशीच गळाली होती. म्हणून तो शहरातल्या स्टेशनवरच्या टांगेवाल्या चाचांकडे गेला.

"केस होना. शेपटीचा."

"काय को?"

"मस्सा हाय. मानेवर."

चाचांनी मान चारी बाजूंनी पाहिली. "दिखता नहीं."

"आत हाय."

चाचांनी गंभीरपणे केस उपटून दिला. "घोडा किसीको बोलता नहीं. मैं भी नहीं बोलता."

दोन दिवसांत त्रिंबकच घोड्यासारखा पाय टाकू लागला. जागा सुजली, रक्त आलं. शेवटी तो सरकारी दवाखान्यात गेला. तरुण डॉक्टरनं चिमट्यानं केस सोडवला आणि उजेडात धरला.

"हे काय?"

"घोड्याचं."

डॉक्टरनं केस जपून ट्रेमध्ये ठेवला. मग नीट समजावलं. "ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. संबंधातून, कातडीला कातडी लागून पसरतो. पुष्कळांना होतो, बऱ्याच जणांना कळतसुद्धा नाही. आम्ही औषध लावू, चामखिळी जातील. पण विषाणू काही काळ आत राहतो, पुन्हा उगवू शकतात. बांधायचं नाही, कापायचं नाही. दर आठवड्याला यायचं. तोवर संबंध बंद. आणि बायकोलाही तपासायला आणा."

"सायेब, आला कुनाकडून असंल?"

बानाबाईचा पहिला नवरा ट्रकखाली गेला होता. मग त्रिंबकनं तिच्याशी पाट लावला होता. लग्नाआधी तोही काही देवळात बसून नव्हता.

"सांगता येत नाही. वर्षानुवर्षं गप्प बसतो तो. शोधायला गेलात तर तुम्ही दोघं भांडाल, आणि तो ऐकत बसेल."

त्रिंबक थेट करमाडला गेला. बानाबाई मेंढ्यांना पाणी पाजत होती. त्यानं एका दमात सगळं सांगितलं, घोड्यासकट.

"म्हंजे दुसरी बाई नाय?"

"नाय."

"मंग दोन महिनं मला का जाळलं?"

"तुला लागंल म्हनून."

तिनं बादली खाली ठेवली. "आन् माझ्याकडूनच आलं असंल तर? पयल्या मालकाचं?"

"डाक्टर म्हनला, कळत नाय."

"ते असते तर इचारलं असतं," बानाबाई म्हणाली, आणि गाठोडं बांधायला उठली.

तिला तपासलं, तूर्त काही निघालं नाही. काही दिसलं तर लगेच या, डॉक्टर म्हणाले. त्रिंबकच्या दर आठवड्याच्या खेपांसाठी ती बजाजनगरलाच राहिली. सांडू शेजारच्या खोलीत गेला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा दोघांना स्वतःची खोली मिळाली, आणि हात लावायची बंदी.

नाईट करून आलेला त्रिंबक भर दुपारी एका भिंतीला, ती दुसऱ्या भिंतीला. मधे फरशी. बाहेर कुठल्याशा कारखान्याचा भोंगा झाला.

"झोपला का वं?"

"नाय."

"हाताला हात लागला तर व्हतं का?"

"डाक्टरला इचारलंय. नाय व्हत."

"ते बरं इचारलं." ती थोडी सरकली. "मंग द्या की इकडं."