अजमतभाईचा सस्ता डब्बा

माझ्या अंगावर कोणी एक हात टाकला तर मी दोन टाकते, हे आमच्या अख्ख्या धावडा गावाला माहीत आहे. शाळेत एका पोराचा दात पाडला होता, लग्नानंतर दिराचं नाक फोडलं. त्यामुळं परवा पंधरा-वीस माणसं दांडे घेऊन दारात आली तरी मी पळाले न्हाई. पण ती आली कशाला, हे सांगायचं तर आदल्या दिवसापासून सांगावं लागंल.

मी झटका मशीन बनवते. रानडुकरं मका खातात, म्हणून वावराला तार ओढायची आणि बॅटरीवरून त्या तारेत सेकंदाला एक झटका सोडायचा. जनावर दचकून पळतं, मरत न्हाई. आयटीआय केलेलं, घरात टेबल टाकलेलं, शौकच म्हणा ना. पण गिऱ्हाईकं म्हणायला लागली, शिवकन्याबाई, डुकरं भेत न्हाईत. झटका किती मोठा, किती वेळ टिकतो, हे साध्या मीटरवर कळत न्हाई. त्याला ऑसिलोस्कोप लागतो, करंटची चाल पडद्यावर रेघ काढून दाखवणारं यंत्र.

म्हणून जुन्या जालन्यात अजमतभाईकडं गेल्ते. टीव्ही दुरुस्त करण्यात त्याचे केस पिकलेत. माझी नजर कपाटावरच्या मोठ्या स्कोपवर. वापरलेला, पण ट्रंकेएवढा, बटणांनी भरलेला. तेवढी ऐपत न्हवती, अन् भाई तो दाखवायलाबी तयार न्हाई.

"बाई, तो भिंतीच्या लाईनीवर चालतो. तुमचं काम वावरात. हा बॅटरीवरचा घ्या," म्हणत त्यानं तळहाताएवढा डब्बा पुढं केला. "तुमच्या झटक्याला इतका बस झाला. तारेला चिकटवू नका, वीतभर लांब धरा. तेवढ्यात बी बराबर दिसतं."

"खेळणं हाय का हे?"

"सस्ता हाय, झूठा न्हाई," अजमतभाई हसला.

पैसे दिले आणि रस्ताभर चरफडत आले. मला वाटलं, बाई बघून यानं आपल्या गळ्यात भंगार बांधलं.

गावाच्या अलीकडं रस्त्याला लागूनच तातेरावचा मका आहे. दोन महिन्यांमागं त्यानं माझंच मशीन नेल्तं. स्कुटी उभी केली. म्हटलं, बघू तरी. मशीन खांबाला लटकलेलं, लाल दिवा लुकलुकून राह्यला होता. डब्बा चालू करून तारेपासून वीतभर लांब धरला. पडद्यावर एक सुळका दिसायला पायजे होता, मग मोकळी रेघ, मग परत सुळका. तसं काहीच न्हाई. पडदाभर लाटाच लाटा, एकीला लागून एक, मधी श्वास घ्यायला जागा न्हाई. सगळी बटणं दाबली. लाटा तशाच.

माझं डोकंच फिरलं. मोबाईल काढला, पडद्याचा, तारेचा, तातेरावच्या नावाच्या दगडाचा व्हिडिओ घेतला. त्यात मीच ओरडून राह्यले, "बघा तुमचं खेळणं! पहिल्याच दिवशी बोंबललं! सेकंदाला एक झटका पायजे, हे काय दाखवून राह्यलंय बघा!" अजमतभाईला पाठवला. वीस मिनिटांनी त्याचा आवाजातला निरोप आला. आता बहाणे सांगंल मेला, म्हणून मी उघडलाच न्हाई. फोन पिशवीत टाकला आणि भाकरी टाकायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला भिवा मेला. भिवा आमच्या गल्लीतला, शेळ्या राखणारा. इतका गरीब जीव की शेळीलाबी अहो म्हणायचा. तातेरावच्या तारेत करडू अडकलं, ते सोडवायला गेला आणि तारेलाच चिकटला. हात काळा पडल्ता म्हणे. भिवाला टेम्पोत घालून तालुक्याला नेलं. बायामाणसाचं तिथं काय काम, म्हणून त्याच्या बायकोला, दीपमालाला, मागंच ठेवलं. आणि तातेराव चौकात उभा राहून बोलला, "शिवकन्याच्या मशीननं खाल्लं त्याला."

मग सगळे आमच्या दारात. पुढं भिवाचा भाऊ संपत, मागं तातेराव, दीपमाला अन् बाकीचे. माझा नवरा मच्छिंद्र ओट्यावर चहा पीत होता. संपतनं त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढला आणि खोऱ्याच्या दांड्यानं पाठीत हाणलं. मग कोणी लाथा, कोणी चपला. आत घुसून त्यांनी माझं टेबल उलथं केलं, तारा तोडल्या, टेबलाचा पाय निखळला. माझ्या हाताला मशीनमधला एक ट्रान्सफॉर्मर लागला. जो पहिला पुढं आला त्याच्या गुडघ्यावर घातला, दुसऱ्याच्या मनगटाचा चावा घेतला. तोंडात रक्ताची चव आली. तरी आतून मी मरून गेल्ते. खरंच माझंच मशीन बिघडलं असंल तर?

"तुह्या बायकोनं माह्या भावाला मारलं," संपत रडत ओरडला आणि दांडा मच्छिंद्रच्या डोक्यावर उगारला. मच्छिंद्रचं तोंड रक्तानं भरलेलं. तवाच पायाखाली तो डब्बा दिसला. अन् कालच्या लाटा डोळ्यापुढं आल्या.

"थांब संपत! एक मिनिट थांब, मग दोघांला मार!"

माझा आवाज असा फाटला की दांडा वरच राह्यला. मी डब्बा घरातल्या लाईनीच्या वायरीजवळ नेला. पडदाभर लाटा, अजिबात खंड न्हाई. "हा खांबावरचा करंट. माणूस मारणारा." खाली पडलेलं एक तयार मशीन बॅटरीला जोडलं, डब्बा तिथं धरला. एक सुळका. मोकळी रेघ. परत सुळका. "हे माझं मशीन." तार हातात धरली. दणका बसला, दात आपटले, पण मी उभी होते. मग कालचा व्हिडिओ लावला आणि फोन दीपमालाच्या हातात दिला. तिनंच बघावं, असं वाटलं. दगड, तार, आणि लाटा. संपत तिच्या खांद्यावरून बघत होता.

कोणाला समजावून सांगावं लागलं न्हाई. सगळे मागं वळले. तातेराव दाराकडं सरकत होता.

"मोटारीच्या स्टार्टरवरून लाईन जोडल्ती रे! डुकरं ऐकतच न्हवती! भिवा गेल्यावर काढली मी तार!" तो ओरडला आणि पळाला. अख्खी गर्दी त्याच्या मागं. मारुतीच्या पारापाशी त्याला गाठलं. हात मोडला, डोळा फुटता फुटता राह्यला, असं नंतर कळालं. मला बिलकुल वाईट वाटलं न्हाई.

मी मच्छिंद्रला भिंतीला टेकवून बसवलं. दीपमाला तिथंच उभी होती. फोन अजून तिच्याच हातात. व्हिडिओखाली अजमतभाईचा न ऐकलेला निरोप होता. तिनं त्यावर अंगठा ठेवला.

"बाई, डब्बा खराब न्हाई. ये लाईन का करंट है. तार को हात मत लगाना. जिसका खेत है उसको अब्बी के अब्बी बोलो, जल्दी बोलो, कोई मर जायेगा."

दीपमालानं परत लावला. पूर्ण ऐकला.

"कवा आल्ता हा?"

"काल. सव्वापाचला."

"ऐकला न्हाई?"

"न्हाई."

"का?"

भिवाला तवा अजून एक रात्र होती. तातेरावचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

"राग आल्ता," मी म्हटलं.

तिनं फोन नीट खाली ठेवला. टेबलाचा तुटका पाय उचलला. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. वाळकी काटकी बाई, मी एका हातानं आडवी केली असती. मच्छिंद्र ओरडून राह्यला, "शिवे, हात धर तिचा! हात धर!"

मी दोन्ही हात मांडीवर ठेवून खाली बसले.