लंगोटाचं वजन

तळेघरच्या रामदासचा नातू साडेसात महिन्यांतच जन्मला, म्हणून त्याला जुन्नरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं. "मूत्रपिंडं कच्ची आहेत, रक्तातलं आम्ल बाहेर टाकत नाहीत," असं सांगून डॉक्टरीणबाईंनी सलाईनमधून सोडा चालू केला.

रामदासला संशय आला. सोडा तर भज्यात घालतात. त्यात नर्स पोराचा ओला लंगोट काट्यावर तोलून वहीत लिहायची.

"मुताचं वजन करत्यात. आपल्याला येडं बनवत्यात," तो बायकोला, रत्नाला म्हणाला. "सांजच्या यष्टीनं पोराला घरी नेऊ. पर आदी बघतो, खरंच तपासत्यात का."

गावात भल्याभल्यांना टोपी घातलेला माणूस. नर्सची पाठ वळताच त्यानं तोलण्यासाठी काढून ठेवलेला पोराचा ओला लंगोट पिशवीत कोंबला आणि नळाखाली भिजवलेला दुसरा तिथं ठेवला.

नर्सनं तो तोलला. डॉक्टरीणबाईंनी त्याला लघवी तपासायची कागदाची पट्टी लावली, रंग बघितला आणि सरळ रामदासकडे वळल्या.

"आजोबा, हे नळाचं पाणी आहे. पोराची लघवी बघून मी सोडा किती द्यायचा ते ठरवते. पोर हातचं गेलं असतं."

रामदासनं गुपचूप पिशवीतला लंगोट काढून दिला.

"लाज वाटली का काय?" बाहेर रत्नानं विचारलं.

"लई. पर ही बाई फसत न्हाई गं. पोर हितंच ऱ्हाऊ दे."