जुळ्यांमधला रस्ता

शहर वाढत वाढत माळापर्यंत पोचलं आणि तिथे दोन टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. दोन्ही सारख्या, वर जाता जाता वळत गेलेल्या. लोक त्यांना जुळ्या म्हणू लागले. धाकटा आईला घेऊन पहिल्यांदा बघायला आला, तेव्हा मान वर करून ती म्हणाली, "धुणं पिळून तसंच उभं ठेवलंय की काय कुणी?" धाकटा हसला. त्यातल्याच एकीत, अगदी वरच्या अंगाला त्यानं घर घेतलं होतं. सोबत आलेली त्याची थोरली बहीणही हसली. जुळ्यांमधला रस्ता तिचा होता.

म्हणजे तिनं आखलेला. नगरपालिकेत ती रस्ते आखायची. आजवर गाड्यांसाठीच आखले होते, हा पहिलाच फक्त चालणाऱ्यांसाठी होता. दगडी फरशी, दोन्ही बाजूंना झाडं, म्हाताऱ्या माणसांना हातावर जोर देऊन उठता यावं म्हणून हातांची बाकं. बाकाची उंची तर तिनं आईला खुर्चीवर बसवून, उठवून ठरवली होती. उद्घाटनाला तिच्या साहेबांनी तिचं तोंड भरून कौतुक केलं. लांबलांबून लोक फोटो काढायला येऊ लागले.

आई धाकट्याकडे राहायला गेली. रोज खाली फिरायला मिळेल म्हणून खुशीत होती. पण थोड्याच दिवसांत तिनं खाली जाणं सोडलं. धाकट्याच्या बायकोनं कारण विचारलं तर गुडघे म्हणाली. थोरलीनं फोनवर खोदून विचारलं तेव्हा कुठे बोलली.

"खाली कुणीतरी पाठीला हात लावून ढकलतं गं. वळून बघावं तर कुणी नसतं."

वय झालं, असं थोरलीच्या मनात आलं. तरी राहवेना, म्हणून दुपारी ती स्वतः गेली. लख्ख ऊन होतं. मोठ्या रस्त्यावर पानही हलत नव्हतं. जुळ्यांच्या मध्ये पाऊल टाकलं आणि ओढणी गळ्यातून निसटून पार पलीकडच्या टोकाला गेली. पुढच्या बाकाशी एक बाई वाकून चपलेचा पट्टा लावत होती. तिच्या शेजारची बाबागाडी हळूच हलली, मग पळायला लागली. थोरलीनं धावत जाऊन ती धरली. आतलं बाळ तिच्याकडे बघून हसत होतं.

बिल्डरच्या इंजिनिअरकडे ती त्याच संध्याकाळी गेली. माणूस सरळ होता, त्यानं काही लपवलं नाही. वर अडलेला वारा इमारतीच्या अंगावरून घसरत खाली येतो आणि दोघींच्या फटीत शिरून जोर धरतो, असं त्यानं हातानं दाखवत सांगितलं.

"मग तपासलं नव्हतं का तुम्ही?"

"तपासलं होतं ना. इमारत वाऱ्यात उभी राहते का, ते."

"आणि खाली चालणारं माणूस?"

"ते कुणी विचारलंच नव्हतं," तो म्हणाला. तिला कळलं की विचारायचं काम तिचंही होतं.

साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकले. जुळ्यांच्या तोंडाशी तिसरी इमारत येणारच आहे, वारा आपोआप अडेल, तोवर चार झाडं जास्त लावा, म्हणाले. ती गप्प बसली नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं आपल्या जबाबदारीवर रस्त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी अडथळे लावून घेतले.

जुळ्यांमध्ये गहजब झाला. वळसा घालून जावं लागतं म्हणून लोक वैतागले, घरांचं नाव खराब होतंय म्हणून त्याहून जास्त. धाकट्याचा फोन आला.

"ताई, लिफ्टमध्ये कुणी माझ्याशी बोलत नाही. तुझा भाऊ म्हणून."

"खालून जाऊ नकोस म्हणजे झालं," ती म्हणाली. त्यानं फोन ठेवला आणि पुढे कित्येक दिवस उचलला नाही. साहेबांनी अडथळे काढायला लावले आणि तिची बदली गटारांकडे केली. कचेरीत कुणीतरी म्हणालं, बरं झालं, तिथे वारा लागत नाही.

रस्ता खुला झाला. रोज सगळे ये-जा करत होते, काही होत नव्हतं. थोरलीला स्वतःचीच शंका यायला लागली.

मग एका सकाळी दोन सुतार कुणाच्या तरी घरासाठी प्लायवूडचा मोठा तक्ता घेऊन त्या रस्त्यानं निघाले. एक पुढे, एक मागे. आई वरच्या गॅलरीत बसली होती. इतक्या उंचीवर खालचा आवाज पोचत नाही. तिनं फक्त पाहिलं. तक्ता उभा झाला, पुढच्या सुताराला घेऊन उचलला गेला, त्याची चप्पल तेवढी जागेवर राहिली. मागचा दोन्ही हात पसरून तसाच उभा होता.

थोरली पोचली तेव्हा सुताराला नेलं होतं. दवाखान्यापर्यंत तो टिकला नाही. त्याचा जोडीदार बाकावर बसून पाणी पीत होता. ती शेजारी बसली. वारा चालूच होता.

वर गेली तर आईनं पिशवी भरून ठेवली होती. "मला तुझ्याकडे ने," एवढंच म्हणाली. थोरलीचं घर दोन खोल्यांचं, तळमजल्यावरचं. धाकट्यानं पिशवी उचलली, तिघं मागच्या दारानं बाहेर पडली.

"तुम्हीही चला," थोरली म्हणाली.

"सगळं आयुष्य या घरात घातलंय, ताई. कुठे जाऊ?" तो म्हणाला, आणि आईच्या पाया पडून परत आत गेला.

महिन्याभरात साहेबांनी तिला बोलावून घेतलं. तिसरीचं काम सुरू होतंय, म्हणाले, तिघींच्या मधली जागा आता तूच नीट आखून दे. तिनं विचारलं, तिघींमधला वारा खालच्या माणसासाठी तपासला का?

"ते होईल मागाहून."

"मग नकाशाही मागाहून," ती म्हणाली आणि गटारांच्या खोलीत जाऊन बसली.

नकाशा दुसऱ्या कुणीतरी काढला. खड्डे खणायला लागले त्या दिवशी धाकट्यानं जागेवर लावलेल्या फलकाचा फोटो पाठवला, खाली एक अक्षरही न लिहिता. फलकावर तीन पिळलेल्या इमारती होत्या, हिरवळ होती, आणि बरोबर मधोमध लहान मुलांसाठी झोपाळे.