दारामागचं जाकीट

"ताई, तुमच्या मागे दाराजवळ कोण उभं आहे?"

लॅपटॉपमधून पर्यवेक्षकाचा आवाज आला आणि टाचणीबाईने मागे वळून पाहिलं. पेपर नुकताच सुरू झाला होता.

"कोणी नाही हो. सासूबाईंना बाहेर जिन्यात बसवून आलेय."

"मग ते काय आहे? कॅमेरा फिरवा जरा."

तिने लॅपटॉप वळवला. दारामागच्या खुंटीवर नवऱ्याचं कामावरचं जाकीट होतं आणि वर त्याचं हेल्मेट. गोदामातल्या क्रेनची साखळी तुटून तो गेला, तेव्हापासून ते तिथेच होतं. जाता-येता तिचा खांदा त्याला लागायचा, पण दिसायचं मात्र बंद झालं होतं. परीक्षेसाठी तिने काल भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, आरसासुद्धा झाकला. हे तेवढं राहिलं.

"काढा ते. खोलीत दुसरं माणूस असल्यासारखं दिसतंय. पेपर बाद होईल."

असल्यासारखं! तिला हसू आलं, आणि रडूही.

वकीलबाईंच्या ऑफिसात ती फायली लावायची. तोंडात कायम टाचण्या, म्हणून हे नाव पडलं. पॅरालीगलच्या, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाच्या, ऑनलाइन कोर्सला तिला वकीलबाईंनीच घातलं. "पास व्हा. मग पुढचं टेबल तुमचं. आलेल्या माणसाशी पहिलं तुम्हीच बोलायचं," त्या म्हणाल्या होत्या. टाचणीबाई मन लावून शिकली. आणि एका दुपारी भरपाईचा धडा लागला.

नवरा गेल्यावर ती अंथरुणालाच खिळली होती. उठून भरपाई मागायला कचेरीत गेली, तेव्हा खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला, "मुदत गेली, बाई." ती निमूट परत आली. धड्यातले सर मात्र अगदी सहज सांगत होते, की उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ करण्याचा अर्ज करता येतो. तिने तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावून ऐकला.

त्या दुपारपासून नवरा खोलीत खोकायला लागला. भास आहे हे तिलाही कळत होतं. पण अभ्यासाला बसलं की तो पाठीशी येऊन उभा राहायचा. विचारायचा काहीच नाही. एकदा भांडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं.

पहिल्या परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. मुदत उलटल्यावर आलेल्या विधवेला काय सांगाल? उत्तर राहिलं बाजूला, तिने सगळा अपघात लिहून काढला. तुटलेल्या साखळीपासून घरी परत आलेल्या बुटांपर्यंत. अर्थात नापास. आजची संधी दुसरी होती, आणि शेवटची.

तिने जाकीट काढलं. "ठेवू कुठे? दार उघडू का?"

"दार उघडायचं नाही, ताई. टाका ना खाली जमिनीवर."

हेल्मेट तिने टेबलाखाली सरकवलं. जाकीट जमिनीवर टाकायला मात्र हात धजेना. तिने ते अंगात घातलं.

"आता दिसतंय कोणी?"

"नाही. तुम्ही एकट्याच आहात. चालू द्या."

तोच प्रश्न आला. शब्द थोडे फिरवले होते, एवढंच. तिने लिहिलं: 'प्रथम त्यांना बसवावे, पाणी द्यावे. मग तारीख विचारावी. मृत कामगाराच्या पत्नीला उशीर का झाला ते नोंदवून, उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडावा.'

'मृत' लिहिताना लांब बाही कीबोर्डवर आली. तिने ती दुमडली आणि पुढे गेली. चार ओळींत उत्तर संपलं. पाठीमागे खोकला आला नाही. ती थोडी थांबली, तरी आला नाही, आणि तेच तिला सोसेना.

पेपर पाठवला. या खेपेला आपण पास होणार, हे तिला कळून चुकलं होतं. आता हे कोणाला सांगायचं, तेवढं सुचत नव्हतं. तिने दार उघडलं.

जिन्यात सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मोतीबिंदूमुळे त्यांना आताशा माणसाची नुसती आकृती दिसे, आणि मुलगा गेल्याचंही मधूनमधून ध्यानात राहत नसे. त्यांनी मान वर केली. जाकीट दिसलं आणि म्हातारीचा चेहरा उजळला.

"आलास?" त्या म्हणाल्या. "किती रे उशीर केलास!"

टाचणीबाईने दुमडलेली बाही खाली सोडली, पार बोटांपर्यंत, आणि हात पुढे केला.

"झाला खरा, आई," ती हळूच म्हणाली. "चला आत."